न थांबलेला चहा

लीड्सच्या घरी किचनचं कपाट आवरताना जुना थर्मास हाती लागला. झाकणाच्या आट्यांत अजून लाल माती होती, आणि ऑस्ट्रेलियातला तो कच्चा रस्ता आठवला. भाड्याची फोर-व्हील ड्राइव्ह, शेजारी बायको, मागे आई, आणि वाळवंटातल्या आलिशान तंबूंच्या कॅम्पपर्यंत मध्ये एकही पंप नाही. कॅम्पने पाठवलेल्या कागदावर अंतर ३१० लिहिलं होतं. इंग्लंडमधल्या सवयीने मी ते मैल धरले, १.६ने गुणले आणि ४९६ किलोमीटर काढले. म्हणजे टाकी जेमतेम पुरणार, शिवाय अंधारात कांगारू आडवे येतात म्हणून उजेडातच पोहोचायला हवं. मी एसी बंद केला. खिडकीतून भट्टीसारखी हवा आणि धूळ येत राहिली, पण माझी नजर डिझेलच्या काट्यावरून हलेना. एका कोरड्या नदीपात्रात पांढऱ्याशुभ्र खोडांची झाडं दिसली. "थांब रे, त्या सावलीत चहा पिऊ," आई म्हणाली. "नको आई, पोहोचायचं आहे." "थांबल्याने डिझेल जातं होय?" "आई, त्याला काट्याशीच बोलू द्या," बायको म्हणाली. मी थांबलो नाही. दुपारी एक वाजताच कॅम्प आला आणि टाकी जवळजवळ अर्धी होती. कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं, सर्व अंतरं किलोमीटरमध्ये. आईने तंबूतल्या मऊ पलंगावर बसून कोमट चहा ओतला, कप माझ्या हातात दिला आणि "झाडं छान होती," एवढंच म्हणाली. आता तिला लांबचा प्रवास झेपत नाही, ती पुण्यालाच असते. मी मँचेस्टरला जाऊन आलो की फोनवर विचारते, "वाटेत चहाला थांबलास का?" टाकी भरलेली असते, आणि मी थांबलेलो नसतो.