रिबेका झिराडकर यांचा मलिदा आणि नऊ पुरुष

रविवार, दि. १६ फेब्रुवारी २०२५ रोजी मँचेस्टरच्या प्रेस्टविच भागातील एका भाड्याच्या सभागृहात मलिद्याचे, म्हणजे नवसाच्या गोड पोह्यांचे, भरलेले ताट सबंध दुपारभर कोणीही हात न लावता पडून राहिले. यजमानीण ज्या देशात राहत नाही, तेथे मत देत नाही आणि तेथील भाषेत तिला धड भांडताही येत नाही, अशा एका देशाच्या सैन्यभरतीच्या कायद्यावरून हे घडले. सदर घटनेची नोंद कोणत्याही मंडळाच्या इतिवृत्तात होणार नाही, हे उघड आहे. म्हणून ती येथे करून ठेवणे भाग आहे.

रिबेका झिराडकर या अलिबागकडच्या बेने इस्रायली. म्हणजे ज्या ज्यूंचे पूर्वज कोकणच्या किनाऱ्याला लागले, मराठी बोलू लागले आणि गावाच्या नावापुढे ‘कर’ लावून मोकळे झाले, त्यांपैकी. ठाण्यात शिक्षण, परळला नर्सिंग आणि पुढे मँचेस्टरच्या सरकारी इस्पितळात तीन तपांची नोकरी. निवृत्त झाल्या तेव्हा वॉर्ड सिस्टर होत्या. डॉक्टरमंडळी त्यांना वचकून असत आणि रुग्ण बरे होत.

मात्र इस्पितळाबाहेर त्या कोण, हे मँचेस्टरला आजवर ठरवता आलेले नाही. प्रेस्टविचच्या सिनॅगॉगमधील बायका त्यांना दरवर्षी प्रेमाने विचारतात, की तुम्ही धर्म कधी स्वीकारलात? महाराष्ट्र मंडळातील लोक हळदीकुंकवाला बोलावतात, तिळगूळ देतात आणि हात पुसता पुसता विचारतात, “मग, तुमच्याकडे काय चाललंय?” रिबेकाबाईंनी एकदा “आमच्याकडे बॉयलर बिघडलाय,” असे उत्तर दिले होते. ते विनोदात काढले गेले. बॉयलर खरोखरच बिघडला होता.

त्यांचे सख्खे भाऊ दोन आणि दोघेही इस्रायलात. थोरला बेंजामिन, ज्याला सगळे बेनीदादा म्हणतात, तिथे जाऊन कडक सोवळ्याचा झाला. दाढी वाढली, टोपी काळी झाली, आणि त्याचा धाकटा मुलगा धर्मपाठशाळेत ग्रंथ शिकतो म्हणून त्याला सक्तीच्या सैन्यभरतीतून सूट मिळाली. धाकटा सॅमसन ऊर्फ सॅमी बसदुरुस्तीच्या कारखान्यात फोरमन. शनिवारी संध्याकाळी झेंडा घेऊन सरकारविरोधी मोर्चाला जाणे, हाच त्याचा नित्यनेम. त्याचा मुलगा ईतान राखीव दलात असून त्याला पुन्हापुन्हा बोलावणे येत होते. एकाचा मुलगा सारखा जातो आणि दुसऱ्याचा जातच नाही, या एका गोष्टीवरून दोन भावांनी एकमेकांशी बोलणे टाकले होते. वयोवृद्ध आत्याच्या दफनविधीलाही ते एका झाडाच्या दोन बाजूंना उभे राहिले होते.

अशात रिबेकाबाईंचे यजमान आयझॅक यांच्या हृदयावर शस्त्रक्रिया करावी लागली. ज्या बाईने आयुष्यभर इतरांच्या नातेवाइकांना “बाहेर बसा” म्हटले, ती स्वतः बाहेर बसली. तिथे तिने एलियाहू हानाबीला नवस बोलला. हा संदेष्टा बेने इस्रायलींचा घरचा माणूस. त्याच्या रथाची खूण अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर आहे, अशी त्यांची श्रद्धा. हे वाचले तर मलिदा करीन, असे कोणीही बोलते. रिबेकाबाई भरात पुढे बोलून गेल्या : “आणि माझे दोन्ही भाऊ एका ताटाला बसवीन.”

आयझॅक यांचे हृदय शल्यविशारदाने दुपारपर्यंत दुरुस्त केले. नवसाचा उत्तरार्ध वर्षभर रेंगाळला.

“तू नवस बोलताना मला विचारायचंस तरी,” आयझॅक म्हणाले.

“तुम्ही बेशुद्ध होतात.”

“तेही खरंच.”

शेवटी भाऊ आले. एक विमान नको म्हणून बेनीदादा लंडनमार्गे आले, तर सॅमी अथेन्समार्गे. शनिवार पाळण्यासाठी बेनीदादांनी आदल्या संध्याकाळीच माजघरातला दिवा लावून ठेवला. तो दिवसभर विझवायचा नव्हता, कारण शनिवारी विजेच्या बटणाला हात लावणे त्यांना वर्ज्य. सॅमीने सकाळी उठून तो विझवला. मग वाचता येईना म्हणून बेनीदादा खिडकीपाशी पुस्तक घेऊन बसले, तर सॅमीने दूरदर्शन संचावर फुटबॉलचा सामना लावला आणि आवाज वाढवला. आयझॅक दोघांच्या मध्ये, छातीवर उशी धरून, शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी बसत तसे बसून राहिले.

रविवारी सभागृहात ताट मांडले गेले. भिजवलेले पोहे, ओला नारळ, साखर, वेलची, काजू-बदाम, वरून सफरचंद, केळी, खजूर, संत्री. ताट पाहून लीड्सहून आलेले वृद्ध डॉक्टर शशी पेझारकर यांनी डोळे मिटून एक दीर्घ श्वास घेतला. लीड्स, लिव्हरपूल आणि लंडन येथे फोन करकरून रिबेकाबाईंनी बेने इस्रायली पुरुष गोळा केले होते, कारण बेनीदादांच्या म्हणण्याप्रमाणे प्रार्थनेला तेरा वर्षांवरील दहा ज्यू पुरुष हवेतच. अकरावा फ्लूने आडवा झाल्याने नेमके दहा जमले. त्यांत दोन्ही भाऊ धरलेले होते.

बेनीदादा ताटावर वाकले. “पोहे कुठले?”

“चीटम हिलच्या पटेलांकडचे.”

“शिक्का?”

“कसला शिक्का?”

“रब्बींचा. हे खायला चालतं असा. पाकिटावर असतो.”

“दादा, पोहे आहेत ते. तांदूळ कुटलाय.”

“कुणी कुटला, कशात कुटला, आपल्याला काय माहीत?”

यावर रिबेकाबाईंनी हातातली पळी खाली ठेवली. हे लक्षण इस्पितळात सर्वांना ठाऊक होते. बेनीदादांना नव्हते. “साठ सालानंतर,” त्या म्हणाल्या, “तिथल्या धर्मपीठानं हुकूम काढला होता, बेने इस्रायलींची लग्नं लावायच्या आधी त्यांचं कूळ तपासा म्हणून. आठवतंय? मोझेसकाका जेरुसलेमच्या रस्त्यावर धरणं धरून बसले होते. का, तर आमच्या कुळाला कुणाचा शिक्का लागत नाही हे सांगायला. त्यांचा पुतण्या तू. आणि माझ्या पोह्यांना शिक्का मागतोस?”

लिव्हरपूलची मंडळी खोकली. बेनीदादांनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, “पोहे चालतील.”

येथवर सर्व ठीक होते. या क्षणी महाराष्ट्र मंडळाचे चिटणीस यतीन यांनी प्रवेश केला. माणूस सज्जन. पुण्याचा, संगणक क्षेत्रातला, हातात बर्फीचा डबा. आपुलकीने निमंत्रण दिले म्हणून आपुलकीने आले. पण आपुलकी दाखवण्याचा त्यांना एकच मार्ग माहीत होता. दोन्ही भावांशी हस्तांदोलन करून त्यांनी विचारले :

“मग, तिकडे आता नक्की परिस्थिती काय? म्हणजे, ग्राउंडवर?”

“ग्राउंडवर माझा मुलगा आहे,” सॅमी म्हणाला. “यांचा वर्गात आहे.”

“ग्रंथ शिकणं हेही देशाचं रक्षणच,” बेनीदादा यतीनकडे पाहत म्हणाले. उत्तर सॅमीला होते, पण बोलणे बंद असल्याने ते यतीनमार्फत गेले.

“यांना सांगा, मग सीमेवर ग्रंथ उभे करा.”

“यांना सांगा, ज्या देशात शनिवारी बस धावायला लागली, त्याला सीमा कशाला हवी?”

“यांना सांगा, ती बस दुरुस्त मी करतो. आजारी आईला घेऊन गरीब माणूस जातो तीतून. त्याच्याकडे गाडी नसते.”

“यांना सांगा...”

“मी काय म्हणतो,” यतीन म्हणाले, “बर्फी घेता का?”

“शिक्का आहे का तिच्यावर, विचारा!” असे म्हणून सॅमीने कोट उचलला आणि तो बाहेर वाहनतळावर निघून गेला.

सभागृहात एकाएकी मोजणी सुरू झाली. सगळ्यांनी ती मनातल्या मनात केली आणि सगळ्यांचे उत्तर तेच आले. नऊ.

“मी बसू का?” यतीन यांनी विचारले. त्यांचा चेहरा पडला होता. “म्हणजे, तात्पुरता?”

“तू चालत नाहीस, बाळा,” डॉ. पेझारकर हळुवारपणे म्हणाले.

“मग नऊच म्हणू या,” आयझॅक म्हणाले. “देव हिशेब काय ठेवतोय!”

“नऊ चालत नाहीत!” बेनीदादा कडाडले, आणि कडाडल्यानंतर, आपण काय बोललो हे त्यांना उमगले. नऊ चालत नाहीत, तर दहावा हवा. दहावा बाहेर रिमझिम पावसात उभा होता. त्याला आणायला दुसरे कोण जाणार? आयझॅक यांना थंडीत जाण्यास डॉक्टरांची मनाई होती. त्यांचा मुलगा मिहीर बोलवायला गेला, तर मामाने त्याला गाडीत बसवून क्रिकेटबद्दल विचारले होते, आणि त्यामुळे काही काळ पुरुष आठच उरले होते. सभागृहाच्या राखणदाराने दारातून डोकावून सांगितले, की पाचला झुंबावाल्या बायका येणार आहेत. फरशी तोवर मोकळी हवी.

रिबेकाबाई स्वयंपाकघरात गेल्या. तिथली खिडकी वाहनतळाकडे उघडत असे. ओट्याला टेकून त्यांनी पुन्हा एलियाहू हानाबीला साकडे घातले. वर्षभर वाहिलेला नवस डोळ्यांसमोर फुटत होता. इस्पितळातल्या त्या रात्री देवाशी केलेला करार आपल्याकडूनच मोडणार, आणि त्याची भरपाई कोणाच्या छातीतून होणार, हा विचार त्यांना सुचला आणि त्या खरोखरच घाबरल्या. घाबरलेल्या माणसाने करू नये ते त्यांनी केले. पुढे त्याचा उल्लेख येईलच.

डोळे उघडले, तेव्हा बेनीदादा बिनकोटाचे वाहनतळावर उभे होते. खिडकी किंचित उघडी होती. रिबेकाबाईंनी ती आणखी उघडली. यात त्यांना गैर वाटले नाही.

“चल आत,” बेनीदादा म्हणाले. थेट बोललेला कित्येक महिन्यांतला हा पहिला शब्द.

“का? माझ्याशिवाय देवाला ऐकू येत नाही?”

“दहाव्याशिवाय नाही येत.”

“मी शनिवारी दिवे विझवतो. तरी मोजतोस?”

“मोजावंच लागतं.”

“छान. देवाच्या मोजणीत मी. मग सैन्याच्या मोजणीत तुझा पोरगा का नाही?”

बेनीदादांकडे या प्रश्नाला कैक उत्तरे होती. एरवी ती ते तासभर देत असत. पावसाने त्यांची टोपी भिजत होती. “ईतानचं नाव मी रोज प्रार्थनेत घेतो,” ते म्हणाले. “सकाळी आणि संध्याकाळी.”

“त्यानं त्याची पाळी टळते?”

“नाही.”

“काय?”

“नाही टळत, म्हणालो. ऐकू येत नाही का गधड्या?”

सॅमीने कोटाची बटणे लावली. मग तो म्हणाला, “थंडी आहे म्हणून येतोय. तुझ्यासाठी नाही. आणि तुझा पोरगा भरती होईपर्यंत मोर्चाला जाणार.”

“जा. रविवारी जात जा, एवढंच.”

“रविवारी कामावर असतो मी. सगळा देश असतो, तुम्ही सोडून!”

भांडत भांडतच ते आत आले, आणि दोघांच्या मागून मिहीर. दहा पुरुष उभे राहिले आणि प्रार्थना सुरू झाली. सूर कोकणातला होता. डॉ. पेझारकरांना अर्धे आठवत होते, लंडनच्या मंडळींना उरलेले अर्धे. फळांवरचे आशीर्वचन झाल्यावर रिबेकाबाईंनी ताट दोघा भावांमध्ये ठेवले आणि त्या समोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. रुग्णाने गोळी गिळली की नाही हे पाहणारी ती नजर. बेनीदादांनी पोह्यांची एक मूठ घेतली. सॅमीनेही घेतली. दोघांचा हात एकाच खजुराकडे गेला, तेव्हा थोडी ओढाताण झाली आणि खजूर खाली पडला.

नवसात एका ताटाला बसवण्याचे शब्द होते. बोलते करण्याचे नव्हते. नवस फिटला.

दाराशी झुंबावाल्या बायका घट्ट विजारींत उभ्या होत्या. बेनीदादांनी घाईने भिंतीकडे तोंड केले. सॅमीने त्यांना मलिदा वाटला. यतीन यांनी खुर्च्या उचलल्या आणि कोणालाही काहीही विचारले नाही. मनुष्य शिकतो, याची ही नोंद. भाऊ दुसऱ्या दिवशी आपापल्या मार्गांनी परतले.

ताटे धुताना आयझॅक म्हणाले, “सुटलीस बाई एकदाची.”

रिबेकाबाईंनी आणखी एक ताट पुसले. मग बोलल्या. मघाशी खिडकीपाशी उभ्या असताना, सॅमी आत यावा म्हणून, त्यांनी एलियाहू हानाबीला आणखी एक मलिदा बोलला होता.

“भावांसकट?” आयझॅक यांचा हात आपोआप छातीकडे गेला.

“या वेळी भावांचं नाव नाही घेतलं. तेवढी अक्कल होती.”

तो मलिदा याच वर्षी, त्याच सभागृहात व्हायचा आहे. भाऊ वजा जाता आणि लिव्हरपूलच्या एकांनी गुडघे दुखण्याचे आत्ताच कळवलेले असता, सात पुरुष उरतात. वाचकांकडे मागणी आहे : ब्रिटनमध्ये राहणारे, तेरा वर्षांवरील जे कोणी बेने इस्रायली पुरुष हे वाचत असतील, त्यांनी आपले नाव महाराष्ट्र मंडळाच्या चिटणिसांकडे द्यावे, सांगितलेल्या रविवारी दुपारी प्रेस्टविचला हजर व्हावे आणि ताट रिकामे होईपर्यंत जागचे हलू नये. तीन हवेत. चौथा आला तर उत्तम.