आबांचं ॲडव्हान्स केळवण

"ॲडव्हान्समा!" असं म्हणत आबा आमच्या फाटकाशी उभे राहिले की मी आधी दार अर्धं लोटून घ्यायची. उगाच कोणी कशाला एवढ्या लवकर येईल? तुम्हीच सांगा.

आबा आमचे शहाद्याचे शेजारी. साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात त्यांची नोकरी झाली आणि तिथले इंग्रजी शब्द ते घरी घेऊन आले. स्वतः कुठे जायचं ते 'बिफोर टाइम'. माईंना, म्हणजे बायकोला, काही सांगायचं तर 'प्री-प्लॅनिंग'. आणि दुसऱ्याच्या घरात लुडबूड करायची असली की 'ॲडव्हान्स'. साधं 'आधी' म्हणायला काय होत होतं? साधी गोष्ट इंग्रजीत सांगणारा माणूस काहीतरी लपवतो, असं माझं ठाम मत.

लग्नाला ते आचारी कांदे सोलत असतानाच पोचायचे. मला वाटायचं, जेवणात काय आहे त्याची टेहळणी चाललीय. एकदा धडगावला जायचं होतं तर आदल्या दिवशीच जीपवाल्याकडे पुढच्या सीटचं 'बुकिंग' करून आले. सकाळी कोणी यायच्या आत जाऊन बसले आणि जीप भरेपर्यंत बसूनच राहिले. पोचले सगळ्यांबरोबरच, पण उतरताना तोरा असा, की घाट जणू त्यांनीच चढवला!

तर एकदा दिवाळी आटोपल्यावर आले. फाटकातूनच म्हणाले, "ताई, तुन्ही आंडेरनं केळवण करनं शे."

मी दार आणखी लोटलं. आंडेर म्हणजे माझी मुलगी, नुकतीच नंदुरबारला नर्सिंग शिकायला गेलेली. लग्न ठरलेल्या मुलीचं केळवण करतात. हिचं ठरायचं तर सोडाच, कोणी विषयही काढला नव्हता.

"कोनता पोऱ्या पाही ठेवा?" मी सरळच विचारलं.

"पोऱ्या-बिऱ्या काही नही व. ॲडव्हान्समा."

झालं! आबांचा एक पुतण्या सुरतला होता, बिनलग्नाचा. सगळं लक्षात आलं माझ्या. आज जेवायला घालायचं, उद्या पुतण्याला उभं करायचं, आणि पोरीचं शिक्षण गेलं चुलीत. नाही म्हणावं तर शेजारधर्म आडवा येत होता. मी लेकीला बजावलं, "कोणी पोरगा दिसला तर उलट्या पावली परत यायचं." आणि तिच्याबरोबर मीही गेले.

दारातल्या चपला आधी न्याहाळल्या. पाणी प्यायच्या निमित्ताने आतली खोलीसुद्धा बघून आले. कोणी नव्हतं. पाटाभोवती रांगोळी होती, ताटात खापरावरचे मांडे होते. माईंनी लेकीला नावाने हाक मारून बसवलं, कुंकू लावलं, घास भरवला. ओटी भरली. थोड्या वेळाने पुन्हा कुंकू लावायला आल्या. मग पुन्हा आल्या.

लेक दर वेळी कपाळ पुढे करत होती. मी आबांकडे पाहिलं. ते मला ओट्यावर घेऊन गेले.

"ती इसरी ऱ्हायनी, ताई. आज तिले तुन्ही आंडेर वळखू येस. लगीनना दिन येई का नही, कोनले माहीत?"

माई एकेक माणूस विसरत चालल्या होत्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. माझी लेक त्यांच्या अंगाखांद्यावर वाढली होती. मला भरून आलं. पण खोटं कशाला बोलू, पुढे महिनाभर सुरतहून फोन येतो का, याकडे माझा एक कान होताच. जित्याची खोड!

फोन आला नाही. लेकीचं नर्सिंग पार पडलं, नोकरी लागली, मग लग्न ठरलं. लग्नाच्या दिवशी मंडप बांधणारे शिडीवर असतानाच आबा आले, माईंचा हात धरून. त्यांना पुढच्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः शेजारी उभे राहिले. आबा खूप वाळले होते. त्यांचे ते इंग्रजी शब्द तर जवळजवळ संपलेच होते.

लेक पाया पडायला वाकली. माईंनी तिची हनुवटी वर केली, बराच वेळ निरखून पाहिलं.

"कोननी आंडेर व तू?"

मी सांगायला पुढे झाले. तोवर लेकच म्हणाली, "तुन्हीच, माई."

माईंचा चेहरा फुलला. त्यांनी आबांची बाही ओढली. "आयकं का? मंग हिनं केळवण करूत ना आपन."

सनई सुरू झाली होती. आबा खाली वाकले आणि माईंच्या कानाशी म्हणाले, "करूत व. उद्याच करूत."