रंधा खाली ठेवायला आठ वर्षं लागली

आठ वर्षं मी प्रभुभोजनाचा प्याला खोट्या तोंडाने घेतला. हे मी आज पहिल्यांदा लिहून देतो आहे. पाळकसाहेब म्हणाले, मंडळीच्या अंकात तुमचा अनुभव द्या. मी म्हणालो, माझा अनुभव काही गोड नाही. ते म्हणाले, जसा आहे तसा द्या. मी तिसरी शिकलेला माणूस, अक्षर-ओळख म्हणाल तर पवित्र शास्त्र वाचून वाचून झालेली. तेव्हा भाषा सांभाळून घ्यावी. पण जे लिहितो ते खरं आहे, आणि त्यात माझी बाजू सावरून घेतलेली नाही.

मी सुतार. उल्हासनगरात एका सिंधी सेठच्या फर्निचरच्या कारखान्यात तीस वर्षं काम केलं. राहायला अंबरनाथला. अंबरनाथ-बदलापूरच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत कुणी वारलं की दफनाची पेटी मी करायचो. ती माझी देवाची सेवा होती, आणि खरं सांगायचं तर माझी ऐटही होती. माझी पद्धत ठरलेली. खिशात एक सुती दोरी असायची. मयताच्या घरी जायचं, डोक्यापासून टाचेपर्यंत दोरी धरायची, तिथे गाठ मारायची आणि त्या गाठीवर फळी कापायची. गेलेल्या माणसाला लोखंडी टेप लावणं मला कधी बरं वाटलं नाही. आणि जिवंत माणसाला ती दोरी कधी लावायची नाही, हा माझा नेम. माझ्या पेटीचा खिळा कधी वर आला नाही. लोक म्हणायचे, मिस्त्रीच्या हातची पेटी म्हणजे शेवटची खोली नीट बांधून मिळाली. मला ते ऐकायला फार आवडायचं.

अशा माणसाच्या आईला बाजारातल्या तयार पेटीतून नेलं. आई माझ्या धाकट्या भावाकडे, दानीएलकडे, बदलापूर गावात असायची. मे महिन्यात ती गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पोचलो तर दारात पेटी, झाकण ठोकलेलं, आणि डोक्याकडचा एक खिळा बोटभर वर. मी सगळ्यांसमोर ओरडलो, "आईला खोक्यात घातलंस? माझी वाट बघायला काय झालं होतं तुला?" दानीएल म्हणाला, "दादा, उन्हाचं ठेवता येईना." एवढंच. मी त्या पेटीला खांदा दिला नाही. दफनस्थानापर्यंत वीस पावलं मागून चाललो, मूठभर माती टाकली आणि कुणाशी न बोलता निघून आलो. त्यानंतर आठ वर्षं त्याच्या दारात पाय ठेवला नाही. जो भेटेल त्याला सांगायचो, भावानं मला कळवलं नाही, थांबलाही नाही. मंडळीत सगळ्यांना ते पटलं होतं. लोक त्याच्याकडे जरा वाकड्या नजरेनेच बघायला लागले. मग त्यानं आमच्या उपासनेला येणं सोडलं.

पण त्यानं कळवलं होतं. आई रात्री गेली, त्याच दिवशी दुपारी त्याचा शेजारी सायकल मारत कारखान्यात आला होता. म्हणाला, म्हातारी तुमचं नाव घेतेय, आत्ताच्या आत्ता चला. मी एका लग्नाच्या कपाटाच्या दारावर शेवटचा रंधा मारत होतो. सेठनं स्वतः ऐकलं. तो म्हणाला, "अरे मिस्त्री, जाओ ना! माँ है. माल कल चला जाएगा." तरी मी गेलो नाही. ते दार दुसऱ्या कुणी घासलं असतं तर सफाई बिघडली असती, असं मला वाटलं. शेजाऱ्याला म्हणालो, सकाळी येतो म्हणावं. आणि सकाळीही पॉलिशचा एक हात देऊन मगच निघालो. तोवर मी आईला दोन वेळा वाट बघायला लावली होती, एकदा जिवंतपणी आणि एकदा मेल्यावर. हे माझ्या बायकोलासुद्धा ठाऊक नव्हतं. सेठ मंडळीबाहेरचा, आणि दानीएल कधी त्यावर बोलला नाही म्हणजे सायकलवाल्यानं माझं उत्तर पोचवलंच नसावं, असं मला वाटायचं; पुढे तोही गाव सोडून गेला. म्हणजे संपलं.

प्रभुभोजनाच्या आधी पाळकसाहेब नेहमी विचारायचे, कुणाच्या मनात कुणाविषयी काही असेल तर त्यानं आधी ते मिटवावं. मी मान ताठ ठेवून बसायचो. चूक त्याची, मी कशाला उठू? प्याला यायचा, मी घ्यायचो. आतून कुणीतरी म्हणायचं, बदलापूरला जा. एकदा नाही, दर महिन्याला. मी त्यावर काम काढायचो. मंडळीचे बाक दुरुस्त कर, खिडक्यांना पट्ट्या लाव. देवानं एक सांगावं आणि मी दुसरंच करून द्यावं, असा आमचा व्यवहार आठ वर्षं चालला.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. अंबरनाथला मंडळीची नवी जागा झाली, तिच्यासाठी मी प्रभुभोजनाचं मेज केलं. सागाचं. एकही खिळा न ठोकता, सगळे जोड खाचेत कूस बसवून केलेले. सुट्टीच्या दिवशी बसून चार महिने खपलो. मे महिन्यातल्या एका रविवारी ते देवाला अर्पण करायचं ठरलं. मी धुतलेला सदरा घालून पहिल्या बाकावर. मंडळीचे पंच येऊन त्यावर हात फिरवून जात होते. एक जण म्हणाला, "मिस्त्री, याच्यावर जेवायचं की याच्याकडे बघत बसायचं?" माझी छाती अशी फुगली!

आणि पाळकसाहेबांनी तो उतारा वाचला, ज्यात प्रभू सांगतो की वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि भावाचं काही आठवलं तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी त्याच्याकडे जा. शेकडो वेळा ऐकलेला. पण त्या दिवशी अर्पण खरंच समोर होतं, चार पायांवर उभं, आणि मीच ते आणलं होतं. मी देवाशी हुज्जत घातली. म्हणालो, उपासना संपू दे, मग जातो. आणि लगेच माझ्या कानात माझंच वाक्य आलं, सकाळी येतो म्हणावं. बस. मी उठलो. बायकोनं सदरा धरला, "अहो, आता नाव घेतील तुमचं, कुठं चाललात?" मी सांगितलं, दानीएलकडे. सगळ्या मंडळीसमोर मी माझ्या मेजाच्या बाजूने चालत बाहेर पडलो. त्या मेजावर प्रार्थना झाली तेव्हा मी बदलापूरच्या रस्त्यावर उन्हात होतो.

एवढं केल्यावर मला वाटलं, दार उघडंच असेल. गावात पोचलो तर भावाच्या घराला कुलूप. कुलपावर गंज. शेजारी नवीन, त्यांना काही ठाऊक नाही. खरं सांगतो, मला आनंद झाला. मी म्हणालो, देवा, मी आलो होतो, तू बघितलंस, आता माझ्याकडे काही बाकी नाही. आणि परत वळलो.

वळलो तर समोर एक ठाकर बाई. डोक्यावर करवंदांची पाटी, पाऊण भरलेली. थांबून माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"कोनाकडं आलाव?"

मी भावाचं नाव सांगितलं.

"ते हितं कुठं ऱ्हातात आता! चामटोलीला गेलं. मानूस लई आजारी हाय. तुमी त्याचं पेटीवालं दादा का?"

"तुला कोणी सांगितलं?"

"नाक तेच की! आनि त्यो दुसरं बोलतो काय? दादा येल, दादा येल. त्याची बायको कटाळली ऐकून." मग म्हणाली, "चला, माझी वाडी त्याच वाटंला. रोज दुपारच्या आत पाटी खपती, घरी जाते. आज मेली खपलीच नाय, म्हनून हितवर आले."

याचा अर्थ मी तेव्हा लावला नाही, आजही लावत नाही. एका बाईची करवंदं खपली नाहीत, एवढंच घडलं. ती पुढे आणि मी मागे, असे चाललो. वाटेत तिनं पानात मूठभर करवंदं दिली आणि म्हणाली, "खा, तोंड सुकलंया." चामटोलीत एका खोलीच्या दाराशी मला सोडून ती वळूनही न बघता गेली. तिचं नाव विचारायचं मला सुचलं नाही.

दानीएल खाटेवर होता. तो ज्या कारखान्यात कामाला होता तिथल्या धुरानं त्याची छाती गेली होती. डॉक्टरांनी घरी न्या सांगितलं होतं. माझा उंच भाऊ चादरीखाली दिसतही नव्हता. त्यानं डोळे उघडले. "आलास दादा?" म्हणाला, जसा मी बाजारात जाऊन आलो होतो. त्याची बायको मार्था दाराला टेकून रडायला लागली.

मी खाली बसलो. गुडघे टेकले म्हणा. म्हणालो, "दान्या, निरोप आला होता. तुझा माणूस आला होता. मी आलो नाही."

"माहितीये."

"कधीपासून?"

"त्याच संध्याकाळी. तो येऊन सगळं सांगून गेला. कपाट, रंधा, सगळं."

"मग मी सगळ्यांसमोर ओरडलो तेव्हा बोलला का नाहीस?"

त्याला धाप लागली. थांबून म्हणाला, "तू मंडळीच्या पेट्या करत होतास. लोकांच्या मयताला तुझा हात लागायचा. स्वतःच्या आईपाशी गेला नाही म्हटल्यावर कुणी आपल्या माणसाला शिवू दिलं असतं काय?"

आठ वर्षं माझं नाव त्यानं आपल्या अंगावर झाकून ठेवलं होतं. आणि मी समजत होतो की क्षमा मी करायची राहिलीय.

पुढे अठरा दिवस मिळाले. रोज कारखान्यातून तिकडे जात होतो. पाळकसाहेब आले, त्यांच्यापुढे मी सगळं कबूल केलं आणि पुढच्या रविवारी मंडळीपुढेही. काही जणांनी नंतर बोलणं टाकलं. ते बरोबरच होतं. पाळकसाहेबांनी चामटोलीला येऊन दानीएलला प्रभुभोजन दिलं. प्याला ठेवायला मार्थानं खाटेखालून एक पाट ओढला. मी ओळखला. दहा वर्षांचा असताना आईला करून दिलेला, माझं पहिलं काम. एक पाय आखूड. दानीएल म्हणाला, "दादा, डुगडुगतंय बघ तुझं सागवानी मेज." हसताना त्याला खोकला आला. मी एका हातानं पाट धरून ठेवला आणि दुसऱ्या हातानं प्याला घेतला. आठ वर्षांत तो पहिला प्याला, जो माझ्या घशाखाली उतरला.

शेवटच्या दिवसांत तो म्हणाला, "दोरी लाव. माझ्या डोळ्यांदेखत माप घे, म्हणजे वाट बघायला नको." मी म्हणालो, जिवंत माणसाला लावत नाही. तो म्हणाला, "तुझे नेम तुझ्याजवळ ठेव. मी सांगतोय ते कर." मी लावली. माझ्या हातून गाठ बसेना. मार्थानं बांधली.

तो सकाळी गेला. पेटी दुपारपर्यंत झाली. ते लाकूड मी कसं कापलं मला आठवत नाही. बघितलं तेव्हा पायाकडचा एक खिळा वर आला होता. मी तो ठोकला नाही, राहू दिला. आणि या वेळी पुढचा खांदा मी दिला, दफनस्थानापर्यंत बदलू दिला नाही.

आशीर्वाद म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मला भाषण येत नाही. माझा भाऊ वाचला नाही, आईजवळ मी नव्हतो ते नव्हतोच. पण अठरा दिवस मला मिळाले, ते माझ्या कमाईचे नव्हते. त्या रविवारी मी उपासना संपेपर्यंत थांबलो असतो तर ती बाई आपल्या वाडीत पोचलेली असती आणि मी कुलूप बघून समाधानानं घरी आलो असतो. देवापुढे मी चार महिन्यांचं मेज ठेवलं होतं, त्याला मात्र मी त्या वाटेवर हवा होतो.

आता हात थरथरतात, तरी पेट्या करतो. घरी, मंडळीत, कुठेही असेन. कुणी दाराशी येऊन म्हणालं की अमक्याचं जास्त झालंय, तुम्हाला बोलावलंय, तर मी विचारत नाही किती जास्त. रंधा जिथे असेल तिथे ठेवतो आणि निघतो. फळी अर्धी राहते. राहू दे.