हलक्या बुटावरचा वहिनींचा शेरा

सोनावणेवहिनींना एखादा बूट आवडला तर त्या 'छान आहे' असं म्हणत नसत. 'मान्य' म्हणत. नाही आवडला तर 'फेरसादर करा'. आणि दुकानदार फार बोलायला लागला तर 'चर्चा करावी' असं पुटपुटत बूट खाली ठेवून बाहेर पडत. केंद्र सरकारच्या मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झालेली बाई. फायलींवरचे शेरे जिभेवरून काही उतरले नाहीत. दिल्लीत द्वारकेतल्या आमच्या सोसायटीत पळणारी मंडळी बरीच. पंजाबी असो, मल्याळी असो, नवा बूट घ्यायचा तर आधी वहिनींकडे. "मॅडम, जरा देख लो," एवढंच म्हणायचं. वहिनी हातातलं काम ठेवून चष्मा लावायच्या.

आमची ओळख त्याआधीची, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमधली. सोनावणे आणि मी शेजारी होतो, आणि पुढे द्वारकेतही एकाच सोसायटीत घरं घेतली. वहिनी पळायला लागल्या त्या निवृत्तीनंतर, साखर वाढल्यावर. सोनावण्यांचे गुडघे दुखायचे, म्हणून सोबतीला मी. "भावजी, बाई एकटी पळताना दिसली की लोक विचारतात, क्या हुआ आंटी? दोघं पळाली की कोणी काही विचारत नाही," असं त्यांचं म्हणणं. वर्षभरात त्या माझ्या पुढे गेल्या आणि मी त्यांच्या मागून पळू लागलो.

त्यांची बूट पारखायची रीत बघण्यासारखी होती. दुकानात जायचं ते संध्याकाळीच, कारण दिवसभरात पाय सुजतो. मोजे घरचे न्यायचे. बुटाच्या आतला तळ बाहेर काढून त्यावर उभं राहायचं. बोटं बाहेर आली तर विषय संपला. मग बूट पिळून बघायचा, चवड्यापाशी वाकवायचा, टाचेची मागची भिंत अंगठ्याने दाबायची. शेवटी दुकानाबाहेर फुटपाथवर एक चक्कर आणि एक झटक्यात वळण. सेल्समन घाबरून मागे पळायचा. सोनावणे म्हणायचे, "आमच्या लग्नाच्या वेळी हिने मला इतकं बघितलं नव्हतं." वहिनी शांतपणे म्हणायच्या, "तेव्हा अनुभव नव्हता."

शर्यतीसाठी पिसासारखे हलके बूट बाजारात आले तेव्हा सोसायटीत एकच गडबड उडाली. वहिनींना मात्र घाई नव्हती. "हलका बूट म्हणजे काहीतरी काढून टाकलेला बूट," त्या म्हणाल्या. "काय काढलंय ते आधी शोधा. मग ते आपल्याला लागतं का ते बघा." त्यांनी एक जोड आणला, स्वयंपाकघरातल्या काट्यावर आपल्या जुन्या बुटाशेजारी तोलला, आणि महिनाभर वापरला. दूध आणायला, जिना चढायला, ओल्या रस्त्यावर, वळणांवर. शोध लागला: टाचेमागची गादी काढली होती. "पण नाडी शेवटच्या भोकापर्यंत ओवली तर टाच हलत नाही. मान्य." हा शेरा मिळाल्यावर सोसायटीतल्या तिघाचौघांनी तोच बूट घेतला.

त्याच थंडीत द्वारकेच्या रस्त्यांवर दहा किलोमीटरची शर्यत होती. वहिनी पुढे, मी मागे. पाण्याच्या टेबलापाशी गर्दी झाली. मी पेला घ्यायला बाजूला बघत हात पुढे केला आणि माझा पाय त्यांच्या टाचेवर पडला. बूट निघाला, वहिनी कोसळल्या. मनगट मोडलं. धक्काबुक्कीत त्यांना कळलं नाही कोणाचा पाय ते. मी वाकून त्यांना उठवलं आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं: "वहिनी, बूट निसटला का?"

त्यांनी बुटाकडे पाहिलं. "निसटलाच की हो," त्या म्हणाल्या.

मला तेव्हाच बोलता आलं असतं. दवाखान्यात, प्लास्टर चढवताना, नंतर चहा पिताना. सोनावणे माझे आभार मानत होते, तेव्हासुद्धा. मी गप्प बसलो.

हात दीड-दोन महिन्यांत बरा झाला. मोडली ती दुसरीच गोष्ट. वहिनींनी ज्यांना बूट 'मान्य' करून दिला होता त्या प्रत्येकाला स्वतः जाऊन सांगितलं, "मत पहनो, मेरी गलती थी." स्वतः पुन्हा जुने जड बूट घालू लागल्या. कोणी नवा बूट दाखवायला आलं तर म्हणायच्या, "बेटा, मुझसे मत पूछो. माझी नजर गेली आता." मराठी न कळणारी पोरंही तो सूर ओळखून परत जायची. आम्ही पळत राहिलो, पण वहिनी फुटपाथवर पाय जपून टाकू लागल्या.

अशी किती तरी वर्षं गेली. नाशिकच्या मुलाकडे कायमचं जायचं ठरलं, तेव्हा वहिनी घर आवरत होत्या. माळ्यावरून तो जोड निघाला. मी म्हटलं, वॉचमनच्या मुलीला द्या, पळते ती. वहिनी म्हणाल्या, "नको हो भावजी. पडेल बिचारी. फेकूनच देते."

मग मात्र मला राहवलं नाही. "वहिनी, बूट निसटला नव्हता. माझा पाय पडला होता तुमच्या टाचेवर."

 वहिनींनी बूट उचलला आणि टाचेची भिंत दाबून पाहिली.

"म्हणजे मी बरोबर होते?"

"बिल्कुल बरोबर होतात."

"अहो, मग बोलला का नाहीत? हाताचं काय, हात जुळतो. मी इतकी वर्षं स्वतःला मूर्ख समजत होते!" एवढं बोलून त्या आत गेल्या. सोनावणे मला दारापर्यंत सोडायला आले आणि हळूच म्हणाले, "यार, आज जेवायला थांबू नकोस."

दुसऱ्या दिवशी निरोप आला: ज्यांना बूट टाकायला लावला, त्या सगळ्यांना जाऊन खरं सांगा. मी गेलो. कपूर म्हणाले, "कौनसा जूता, अंकल?" दुसऱ्या घरी चहा मिळाला, पण आठवण कोणालाच नव्हती. मी परत येऊन तसं सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "त्यांना नसेल. मला होती ना. आता आपल्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या अंकात लिहा, नावानिशी." म्हणून हा लेख. त्या बुटात काही दोष नव्हता, वहिनींच्या नजरेतही नव्हता. दोष माझा होता.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांनी मला खाली बोलावलं. "चला, एक चक्कर मारू. पण आज तुम्ही पुढे व्हा. माझ्या मागे नको बाबा."

मी पुढे पळू लागलो. चौकापर्यंत मागून नुसता पावलांचा आवाज येत होता. मग वहिनींचा खणखणीत आवाज आला, रस्त्यावरच्या चार लोकांनी वळून बघावं असा: "भावजी! उजवी टाच आतून पार झिजलीय. हे बूट आजच्या आज बदला!"

मी त्याच संध्याकाळी बदलले.