वेलिमीरच्या गाडीची थरथर

पूर्व सर्बियातल्या त्या तांब्याच्या खाणीवर वेलिमीरने उभी हयात घालवली. गावातल्या सगळ्या पुरुषांसारखा त्याचाही एकाच वस्तूवर आंधळा विश्वास होता: खाणीतून दगड वाहून आणणारा जाड रबरी पट्टा. झिजला की तो घरोघरी यायचा. बुटाला तळ त्याचा, डुकरांच्या खोपट्याला पडदा त्याचा. त्यामुळे गाडीची माउंटिंगं फाटली तेव्हा वेलिमीरने पट्ट्याचेच तुकडे कापून ठोकून दिले, याचं कुणाला नवल वाटलं नाही.

इंजिन आणि गिअरबॉक्स गाडीच्या सांगाड्याला थेट जखडत नाहीत, मधे रबराची माउंटिंगं असतात. त्यांनी वजन पेलायचं आणि थरथरही गिळायची. पट्ट्याचं कडक रबर पेलायचं झकास, गिळायचं मात्र काहीच नाही. सगळी थरथर थेट सीटमध्ये. इतकी वर्षं त्यामुळे कुणाचं काही अडलं नव्हतं.

मग त्याच्या बायकोच्या, रुझित्साच्या, मणक्यात दुखणं शिरलं आणि नीश शहरातल्या इस्पितळाच्या खेपा सुरू झाल्या. वाटभर ती दाराची मूठ घट्ट धरून बसायची.

"तुझी ही गाडीच नडते रे," ती म्हणायची. "बाकी मी बरी आहे."

वेलिमीरला तेवढाच आधार मिळाला. डॉक्टरचं बोलणं त्याला कळत नव्हतं. तिचं ताट भरलेलंच परत यायचं, तेही नुसतं बघत राहावं लागायचं. माउंटिंग मात्र बदलता येतं.

"पट्टा काढतोयस?" शेजारचा मेकॅनिक टोझा म्हणाला. "अरे, तो आपल्या दोघांना पुरून उरला असता."

"काढ म्हटलं ना. आणि तोंड कमी चालव."

टोझाने इंजिनाखाली फळी देऊन जॅक लावला, नवी माउंटिंगं बसवली, इंजिन जागेवर बसू दिलं आणि मगच बोल्ट आवळले. गाडी सुरू करून त्याने बॉनेटवर राकियाचा भरलेला पेला ठेवला. दारू हललीसुद्धा नाही.

"आता रुझित्सा म्हणेल, कुणाची चोरून आणलीस," टोझा म्हणाला. वेलिमीर कितीतरी दिवसांनी हसला.

पुढच्या खेपेला वाटेत रेल्वेचं फाटक लागलं. आगगाडीचा अजून पत्ता नव्हता. वेलिमीरने इंजिन बंद केलं. बाहेर शेतात एक माणूस मका तोडत होता, त्याच्या विळ्याचा आवाजही ऐकू येत होता.

रुझित्साने डोळे मिटलेले होते. मूठ तशीच घट्ट धरलेली.

"कशी वाटते गाडी?" त्याने मोठ्या उमेदीने विचारलं.

"बरी केलीस," ती म्हणाली. "पण थरथरते रे अजून."

वेलिमीरने किल्लीकडे पाहिलं. गाडी बंद आहे, हे तिला सांगायची त्याची छाती होईना.

"टोझाला सांगतो," तो म्हणाला. "परत बघायला लावतो."

"हो, सांग त्याला," रुझित्सा म्हणाली.