नावं तीन, गोळी एक

अगं सुमन, फोन ठेवू नकोस, जरा ऐक. "काकू, बरी आहेस ना?" एवढं विचारून फोन ठेवतेस, ही काय रीत झाली?

आज खिडकीत गोळ्यांची रिकामी पाकिटं पडली होती. उन्हात त्यांचे कवडसे भिंतीवर नाचत होते आणि माझी मान खाली गेली. आपल्या घरात गोळीला तिचं नाव कुठं असतं? ही तापाची, ती गुडघ्याची, ती सर्दीची. मागे तिन्ही दुखणी एकदम आली, तशा तिन्ही गोळ्या घेत राहिले. सूनबाईनं टोकलं तर मीच म्हणाले, "मला कळतं." मग उलट्या, दवाखाना, सलाईन. डॉक्टरीणबाईंनी पाकिटं पुढ्यात मांडली. "आजी, नावं तीन, आत औषध एकच, ते तिप्पट पोटात गेलं. लिव्हरला सूज आलीय. थोडक्यात वाचलात." सूनबाई शेजारीच उभी होती. मी भिंतीकडे तोंड केलं.

मला तर हे कळायलाच हवं होतं गं. या घरात कुणी वहिनी म्हणून हाक मारी, कुणी काकू, कुणी आई. हाका तीन, राबणारं शरीर एकच. त्या एकट्या लिव्हरवरही तसाच तिहेरी भार पडला.

माझी मी वाचायला शिकले, पण पाकिटावरची मुंगीएवढी अक्षरं मला लागत नाहीत. हे सूनबाईला कुठल्या तोंडानं सांगू? गुडघा ठणकतोय, पण गोळ्यांच्या डब्याला हात लावायची हिंमत होत नाही. तू ये, एकेक पाकीट वाचून दाखव, मी मोठ्या अक्षरात लिहून ठेवीन. लवकर ये हं.