घरटी एक माणूस

बायजीबद्दल लिहायला बसलो आहे खरा, पण माझी तिची ओळख ती किती? आठवड्यातून दोनदा ती मसोलीत आमच्या गल्लीत भाजी घेऊन यायची, पायरीवर टेकायची, बोलायची. तिच्या पाड्यावर मी एकदाही गेलो नाही. तिच्या नवऱ्याचं नावही मला ठाऊक नाही. हे सगळं तिने तुकड्यातुकड्यांनी सांगितलेलं. मधले सांधे माझे, ते चुकलेही असतील.

आशागडच्या पलीकडे तिचा पाडा. पाड्याला एक विहीर. उन्हाळा तापून पाणी तळाला गेलं की दरवर्षी गाळ काढायचा, आणि त्यासाठी घरटी एक माणूस यायचं. बोलावणं बायजीचं. लोखंडी घमेलं दगडाने बडवत ती दारोदार फिरे. तिचा चुलतदीर सुक्या हमखास घोरत पडलेला असे. ती दारातूनच ओरडे, "काय रे सुक्या, हिरीनं तुज्या तोंडात येऊन पानी ओतायचा काय?" तो शिव्या देत उठे, पण उठे. बाप्ये खाली उतरत, बाया रांगेने घमेली वर घेत, आणि संध्याकाळी झाडाखाली सगळ्यांचा एकच भात शिजे. मजुरी कोणी कोणाला दिली नाही. तसं कोणाच्या मनातही आलं नाही.

२०१५ साली कंपनी आली. जागा आणि बोअर ग्रामपंचायतीची, यंत्र कंपनीचं. पैसे भरलेलं कार्ड टेकवलं की हंडाभर शुद्ध पाणी. कंपनीचे साहेब म्हणून जो अनिकेत यायचा, तो फार गोड बोले. पाड्यात बायजीचा शब्द चालतो हे त्याने लगेच हेरलं आणि यंत्र तिच्याच ताब्यात दिलं, पगारावर. पाडा तिला मॅनेजरीण म्हणू लागला. तिला ते आवडलं. माझ्यापाशी तिने ते लपवलं नाही.

पाइप टाकायला चर खणायचे होते. कंपनीने त्याची मजुरी रोख दिली. सगळा पाडा हसतखेळत खणून आला. त्यात काही बिघडतंय असं कोणालाच वाटलं नाही, बायजीलाही नाही.

मग अनिकेत म्हणाला, "मावशी, विहिरीचं फुकट मिळतंय तोवर कार्ड कोण घेणार? आणि त्या पाण्याने पोरं आजारी पडतात." पोरं आजारी पडत, हे खोटं नव्हतं. बायजीने ग्रामसभेत पाड्याला हात वर करायला लावले. विहिरीवर जाळी बसली, कुलूप लागलं. त्या उन्हाळ्यात गाळ निघाला नाही, पुढेही नाही. कार्ड संपलेली बाई हंडा घेऊन उभी राहिली की बायजीला तिला परत पाठवावं लागे. पाण्याला आलेल्या माणसाला नाही म्हणायची तिला सवय नव्हती. हळूहळू झाली.

कंपनीचं गणित मात्र बसेना. पावसाळ्यात ओहोळ वाहत असताना यंत्राकडे कोण फिरकतो? २०१८च्या उन्हाळ्यात बोअर आटली आणि यंत्र बंद पडलं. कंपनी म्हणे, बोअर पंचायतीची. पंचायत म्हणे, पाणी द्यायचं काम कंपनीचं. अनिकेतचा फोन लागेनासा झाला.

"दोन घरचा पाहुना उपाशी, बाबा," बायजी मला म्हणाली. "हिते तर आखा पाडाच पाहुना."

तिने कुलूप तोडून घेतलं. आत नुसता चिखल आणि कुजका पाला. दुसऱ्या सकाळी घमेलं बडवत ती निघाली. पाण्याचं मग बघता आलं असतं. आपल्या हाकेला माणसं अजून येतात का, एवढंच तिला बघायचं होतं.

सुक्या जागाच होता. ओट्यावरून हलला नाही.

"रोज किती देनार?"

"कसला रोज? आपली हिर हाय."

"चराला मिलाला व्हता. हिरीला का नाय?"

"तवा कंपनी व्हती."

"मग बोलव तुज्या कंपनीला! पगार मॅनेजरनीनं खायाचा आनि गाल आमी काढायचा?"

आतून कोणीतरी हसलं. पुढच्या दारात संगीता उभी होती. ती हळूच म्हणाली, "माजा कार्ड संपलेला तवा तू मला काय बोललेलीस, आठवते का?" बायजीला आठवत होतं. ती पुढे गेली. पुढे दारं नुसती लोटलेली.

शेवटी आल्या दोघी, तिची सून आणि म्हातारी लाडकी. लाडकीला ऐकू येत नसे, त्यामुळे कोण काय बोललं ते तिला कळलंच नव्हतं. तिघींनी दुपारपर्यंत ओढलं. गाळ कमरेएवढा, निघाला वीतभर.

मग टँकर सुरू झाला. त्याच्या रांगेत सुक्याने तिला पुढे जागा केली, "या मॅनेजरीण, या." ही दया की टोमणा, हे तिला ठरवता आलं नाही. मला विचाराल तर टोमणाच.

२०१९च्या पावसाळ्यात तापाने बायजी गेली, असं तिच्या सुनेने येऊन सांगितलं. त्याआधी, उन्हाळ्याच्या शेवटी ती आमच्याकडे आली होती. टोपलीत एकच भोपळा होता. भाजीच्या वाडीला पाणी कुठलं?

मी सहज विचारलं, "यंदा गाळ काढणार का?"

"कसला गाल? भोपला घेता काय?"

"अर्धा दे. एवढा कोण खाणार?"

"अर्धा कसा देऊ? सुरी नाय आनली."

"मग राहू दे," मी म्हणालो.